खालच्या पट्टीतली हिरवी ज्वारी

१६ ऑगस्ट १९८२, सोमवार. उदगीर

आजपासून आपला जिल्हा लातूर. सकाळी चौकात फटाके वाजले. कॉलेजच्या शिपायाने घरी पेढे आणून दिले. शेवटचा श्रावणी सोमवार म्हणून देवापुढे ठेवले. दुपारपर्यंत तसेच होते. बसवंत असता तर नैवेद्य दाखवायच्या आधीच एक कमी झाला असता.

ही वही यांनी दिली. म्हणाले, "लिहीत जा. दुःख कागदावर आलं की त्याचं माप कळतं. माप कळलं की ते आवरतं." काय लिहू, असं विचारलं. म्हणाले, "जे घडलं ते. अलंकार नको." अलंकार मला येतही नाहीत. चौथीपर्यंत निजामाच्या शाळेत उर्दू, पुढे मराठी. मॅट्रिक झाले आणि लग्न झालं.

तर जे घडलं ते. आमचा एकुलता एक मुलगा बसवंत शिवरात्रीनंतर नांदेडच्या दवाखान्यात काविळीने गेला. वीस वर्षांचा होता. देवणीच्या वाटेवर कमळवाडी म्हणून आमचं गाव आहे. तिथल्या आमच्या शेतात त्याला माती दिली. आता पावसाळा अर्धा सरला. जूनमध्ये एक पाऊस झाला, जोराचा. त्यानंतर थेंब नाही.

लिहून झालं. माप काही कळलं नाही.

१९ ऑगस्ट, पोळा

अण्णाराव आले होते. हे यांचे धाकटे भाऊ, कमळवाडीची शेती तेच बघतात. बैलजोडी मागच्या बाजारात देवणीला देऊन टाकली म्हणाले. वैरण नाही, पाणी नाही. पोळ्याला गोठ्यात मातीचे बैल मांडून पूजा केली.

हे आत होते तेव्हा मला हळूच म्हणाले, "वैनी, ओट्याचं दादाला इचारा की. वरीस व्हायच्या आत दोन दगड तरी बसवू. लोक इचारून राहिले."

ओटा म्हणजे समाधीवरचा. आपल्या लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात, माती देतात आणि वर ओटा बांधतात. बसवंतला बसवलं, लिंग ठेवलं. अण्णारावांनी आणि गावच्या शिवलिंग स्वामींनी सगळं रीतीने केलं. मला बायकांनी घरातच धरून ठेवलं होतं, मी शेतापर्यंत गेले नाही. हे गेले होते, पण लांब बांधावर उभे राहिले आणि माती पडायच्या आत परत फिरले. त्यानंतर त्यांनी शेतात पाय ठेवलेला नाही.

यांनी आतून ऐकलं असावं. बाहेर येऊन म्हणाले, "मेलेल्याला सुख नाही आणि दुःखही नाही. तेवढ्या जागेत ज्वारी आली तर एखाद्या जिवंत माणसाचं पोट भरेल. मी पेरायला सांगितलं होतं. पेरलं का?"

"हाव, पेरलंय."

"मग झालं."

अण्णारावांनी टोपी काढली आणि परत घातली. पुरणपोळी अर्धीच खाल्ली.

२७ ऑगस्ट

यांच्या पुस्तकाचं चौथं प्रकरण चालू आहे. कॉलेजातून आले की खाटेवर डोळे मिटून पडतात आणि सांगतात, मी लिहून घेते. माझं अक्षर छापल्यासारखं येतं म्हणून छापखान्याची प्रत माझ्याकडे. पुस्तक एका विलायती इतिहासकारावर आहे. त्याचं नाव प्रतीत कितीदा तरी लिहिलं, पण तोंडात बसत नाही. घरात आम्ही नुसतं 'साहेब' म्हणतो.

साहेब स्कॉटलंडच्या एका खेड्यात चांभाराच्या घरी जन्मले. आईने ठरवलं की हा मुलगा धंद्याला हात लावणार नाही, फक्त शिकेल. शिकले. धर्मोपदेशक झाले, पण त्यांचं प्रवचन लोकांच्या डोक्यावरून जायचं. मग लंडनला गेले आणि लेखणीवर पोट भरू लागले. तिथे एका थोर विचारवंताशी मैत्री झाली. दोघांचं म्हणणं एकच. जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त सुख ज्याने होईल ते योग्य. रीत, शास्त्र, भावना, सगळं या एका मापाने मोजायचं. याच मापाने साहेबांनी हिंदुस्थानचा इतिहास लिहायला घेतला. तीन वर्षांत होईल असं वाटलं होतं, बारा लागली. त्यानंतर कंपनी सरकारने त्यांना लंडनच्या कचेरीत मोठी जागा दिली. पण इकडे ते कधी आले नाहीत. इकडची एकही भाषा त्यांना येत नव्हती. ते म्हणत, येऊन बघणाऱ्याला त्याच्या डोळ्यांपुढचं तेवढंच दिसतं. खोलीत बसून सगळे कागद तपासणाऱ्याला जास्त कळतं.

मी लेखणी थांबवली. "एकदाही आले नाहीत?"

"नाही."

"आणि आपण कसे आहोत ते लिहिलं?"

"लिहिलं."

"कसे आहोत म्हणाले?"

हे हसले. बसवंत गेल्यापासून पहिल्यांदा. "फार बरे नाही म्हणाले."

साहेब ज्या टेबलावर लिहीत त्याच टेबलाच्या पलीकडे त्यांचा थोरला मुलगा अभ्यासाला बसे. तिसऱ्या वर्षापासून ग्रीक. शब्द अडला की बापाला विचारी, आणि बाप लिहिणं थांबवून सांगे. बाहेरच्या मुलांत त्याला मिसळू देत नसत. तो मुलगा पुढे बापापेक्षाही मोठा झाला.

आपल्याकडेही तसंच होतं. यांच्या टेबलाच्या पलीकडे बसवंतचं स्टूल. चौथ्या वर्षी इंग्रजी, सहाव्या वर्षी भूमिती. गल्लीत खेळायला बंदी. मी स्वयंपाकघरात माझ्या माहेरचं कन्नड गाणं म्हटलं तरी हे मधलं दार लोटून घेत. स्टूल अजून तिथेच आहे. त्यावर आता कागद ठेवतात.

साहेबांना नऊ मुलं होती. त्यांच्या बायकोबद्दल यांच्या पुस्तकात एक ओळ आहे. नाव विचारलं. म्हणाले, "बघावं लागेल."

३ सप्टेंबर

नळाला आज पाणी नाही. गल्लीत टँकर आला, धक्काबुक्की झाली. मला एक कळशी मिळाली.

घरी येऊन कळशी खाली ठेवली आणि नांदेडची आठवण झाली. बसवंतचं पोट फुगलं होतं. डॉक्टरांनी पाणी मापून द्यायला सांगितलं. हे बाटलीच्या झाकणाने मोजून देत. एक थेंब जास्त नाही. बसवंत माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू तरी." हे म्हणाले, "आत्ताचं सुख बघू नको, पुढचं बघ." यांना त्रास होत नव्हता असं नाही. पाणी देऊन झालं की व्हरांड्यात जाऊन उभे राहत. पण परत आले की पुन्हा बरोबर तेवढंच पाणी पडायचं.

पुढचं आलंच नाही.

११ सप्टेंबर, शनिवार

अण्णाराव आले. आज तोंडावर थोडं तेज होतं.

"दादा, गावाला एक बोअर मंजूर झालंय. त्याच्यावर हापसा बसवणार. पाण्याचे इंजिनिअर येऊन वढ्याच्या कडंला खूण करून गेले."

"चांगलं झालं."

"पर गावाच्या मनात येगळंच हाय. आपल्या खालच्या पट्टीत समदी ज्वारी करपली. निस्ता पाचोळा. आन् मधीच एक तुकडा हिरवागार हाय. असा, खाटंएवढा. कणसं धरलीत. पाणी बघणारा नारळवाला बोलावला हुता. तिथं गेल्यावर त्याच्या हातावर नारळ उभा राह्यला."

"नारळाचं सोड," हे म्हणाले. "हिरवा आहे हे तू स्वतः पाहिलंस?"

"रोज बघून राहिलो की."

हे उठून बसले. शेताचा नकाशा काढला, टेबलावर पसरला. उतार कुठे, ओढा कुठे, पट्टी कुठे, सगळं पेन्सिलीने आखलं. म्हणाले, आजूबाजूचं सगळं वाळून मधला तुकडा हिरवा राहतो याचा अर्थ खाली पाण्याची शीर आहे. मुळं खोटं बोलत नाहीत. मग इंजिनिअरना इंग्रजीत पत्र लिहिलं. जागा आमच्या शेतात घ्यावी, आम्ही ती गावाला फुकट देतो. पत्राची प्रत मीच केली. फार बरं वाटत होतं यांना. साहेबांनी पुस्तकात जे सांगितलं ते आता करायला मिळत होतं.

अण्णाराव दारात घुटमळले. "दादा, येकदा येऊन बघता का? तुमी बघितल्याबिगर..."

"मी येऊन वेगळं काय दिसणार? तुझ्याकडे डोळे आहेत, माझ्याकडे नकाशा आहे."

"न्हाई, पर जागा जी हाय..."

"जागा द्यायची जड जातेय?"

"तसं न्हाई दादा. तसं आजाबात न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वैनी, तुमी तरी या गावाकडं. शांतम्मा आठवण काढून राहिलीय."

१९ सप्टेंबर, रविवार. कमळवाडी

सकाळच्या एसटीने आले. पारापाशी बायकांनी घागरी ओळीने मांडल्या होत्या. टँकरची वाट. स्वतः बसल्या सावलीत, घागरी उन्हात. नागुबाईने लांबूनच हाक मारली. तिचं घर आमच्या शेजारीच.

"आल्या का सरांच्या बाई! आवं, पयली घागर माजी बरं का. आत्ताच सांगून ठिवते. मागनं म्हणाल, नागुबाई मधी घुसली."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

जेवण झाल्यावर अण्णारावांबरोबर शेतात गेले. जाऊबाई शांतम्मा येते म्हणाली आणि अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. कारण सांगितलं नाही. रान सगळं करपलेलं, पायाखाली पानं मोडत होती. खालच्या पट्टीत तो तुकडा दिसला. खरंच हिरवा. माझ्या छातीएवढी ज्वारी, कणसात दाणे. मी आत जाऊन बसले. मांडी घालून बसायला बरोबर जागा होती. खालची माती गार होती. पुष्कळ महिन्यांनी मला बसल्या जागी झोप येईलसं वाटलं.

अण्णाराव बाहेरच उभे होते. चप्पल काढून.

"वैनी, हितं मी नांगर घातला न्हाई. दादा म्हणले हुते, समदं नांगर. पर बैलं हितवर आली की माजा हातच वळायचा. समदं रान नांगरलं, येवढं सोडलं. मंग दादाला पेरलं म्हणायला पायजे, म्हणून हातानं टोचून बी टाकलं."

"का पण?" मी विचारलं.

ते खाली बघत राहिले. त्यांच्या पायांकडे माझं लक्ष गेलं, अनवाणी पायांकडे. मग कळलं मी कुठे बसले आहे.

उठले नाही. उठवेना.

थोड्या वेळाने विचारलं, "यांना सांगितलं का?"

"कसं सांगू? म्हणतील, मेलेलं माणूस पाणी दावतंय म्हणतो, अडाणी कुठला. पर वैनी, खरंच दावून राहिलंय. जित्तेपणी पोरानं कुणाला काय मागितलं न्हाई. आता देऊन राहिलंय."

२० सप्टेंबर. उदगीर

यांना सांगितलं. हे लिहायला बसायच्या तयारीत होते. मी उभ्यानेच म्हणाले, "तो हिरवा तुकडा बसवंतवर आहे."

हे टेबलाकडे वळले. टेबलावरचा नकाशा हळूहळू गुंडाळला, परत उलगडला. मग खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं. आवाज मऊ होता. वर्गात मागे पडलेल्या मुलाला समजावतात तसा.

"तारा, एका बाजूला तुझं दुःख आहे. ते खरं आहे, मी नाही म्हणत नाही. दुसऱ्या बाजूला सगळ्या गावाची तहान आहे. लहान मुलं आहेत, गुरं आहेत, रोज उन्हात बसणाऱ्या बायका आहेत. तूच मोज."

मी म्हणाले, "मोजायला मला येत नाही."

"म्हणून मी मोजून सांगतोय."

त्यांचं बरोबरच असणार. नागुबाईची घागर मी बघितली आहे. फक्त यांनी एका बाजूला माझं दुःख ठेवलं. स्वतःचं त्यात धरलं की नाही, ते विचारायचं राहिलं.

२९ सप्टेंबर

इंजिनिअरचा निरोप. सर म्हणतात आणि गावही म्हणतं तर खालच्या पट्टीतच घेऊ. बोअरची गाडी पुढच्या आठवड्यात.

यांना न विचारता अण्णारावांना निरोप धाडला की मी येते, तोवर थांबा.

५ ऑक्टोबर, मंगळवार. कमळवाडी

गाडी आली. एवढं मोठं यंत्र गावात पहिल्यांदाच. सगळं गाव शेतात. पोरं बाभळीवर चढली होती. शिवलिंग स्वामींनी नारळ फोडला. हे आले नाहीत, कॉलेजात परीक्षा आहे म्हणाले.

मी अण्णारावांना बाजूला घेतलं. "भावजी, अगदी त्याच्यावर नको. थोडं सरकवून घ्या. त्याच्या मांडीला लागू नये."

अण्णारावांचे डोळे भरले. "चार हात अलीकडं घिऊ वैनी. शीर काय चार हातात पळून जात न्हाई."

गाडी चार हात अलीकडे उभी केली. मशीनवाला हैदराबादकडचा म्हातारा होता, खालीमियां. त्याने गाडीचे पाय टेकवले. एक पाय हिरव्या ज्वारीकडे होता, तो मातीत रुतला. त्याने बूट आपटून बघितलं आणि मला म्हणाला, "अम्मा, इदर पैले कोई खोदे थे क्या? मिट्टी पोली लगरी."

मी बोलायच्या आत अण्णाराव म्हणाले, "न्हाई न्हाई, रानच हाय."

म्हाताऱ्याने पायाखाली फळ्या घातल्या आणि यंत्र सुरू केलं. धूळ उडू लागली. आधी काळी, मग पिवळी, मग पांढरी. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, पण कुणी मागे सरेना. नागुबाई घागर घेऊनच आली होती. ती कडेवर घेतलेली घागर तिने दुपारपर्यंत खाली ठेवली नाही. नळ्यांमागून नळ्या आत गेल्या. पांढरी धूळ सगळ्यांच्या केसांवर बसली, पोरंसुद्धा म्हातारी दिसायला लागली. दिवस कलला तेव्हा खालीमियांनी यंत्र बंद केलं. खाली नुसता दगड.

शांतम्मा माझ्याजवळ येऊन बसली. "नीरिल्ला, अक्का," एवढंच म्हणाली. पाणी नाही.

गाडी तशीच पुढच्या गावाला गेली. आमच्या गावाचा नंबर आता कधी लागेल ते कुणी सांगू शकलं नाही.

१४ ऑक्टोबर, गुरुवार. उदगीर

बाजारात नागुबाई भेटली. शेळी विकायला आणली होती. मी हाक मारली तर आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग वळली.

"चार हात," ती म्हणाली. "आवं, चार हात सरकवलं तुमी. तुमच्या दिरानंच सांगितलं पारावर, रडत रडत. नारळ उभा राह्यला कुठं आन् तुमी खांदलं कुठं?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"माजी बी दोन गेलीत की पोटची. गावाच्या रानात पुरलीत. कुणी इचारलं न्हाई मला, नांगर घालू का म्हणून." शेळीचं दावं ओढून ती पुढे गेली. लगेच परत आली. "लई बोलले काय? पर ऱ्हावलं न्हाई. त्यो टँकर बी आता दिवसाआड येतोय."

ती लई काही बोलली नाही.

१५ ऑक्टोबर

यांना कळलं आहे. कुठून ते माहीत नाही. रागावले नाहीत. संध्याकाळी खाटेवर पडले, डोळे मिटले आणि सांगू लागले. मी लिहून घेतलं. साहेबांच्या विचारांवरचं प्रकरण आहे.

"एक उदाहरण घेऊ. एका गावात एकदाच भूगर्भात शोध घेता येणार आहे. पाण्याची जागा निश्चित आहे, परंतु तिथे एका स्त्रीच्या मुलाचं दफन झालेलं आहे. त्या स्त्रीच्या भावनेखातर जागा किंचित हलवली जाते आणि सारं गाव पाण्याला मुकतं..."

मी विचारलं, "'एका स्त्रीच्या' की 'एका कुटुंबाच्या'?"

यांनी डोळे उघडले. आढ्याकडे बघत राहिले.

"'स्त्रीच्या'च राहू दे."

मी तसंच लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

२७ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला कुणी आलं नाही, आम्हीही गेलो नाही.

गावाचं पाणी मी घालवलं. हे मी पुन्हा पुन्हा मनाशी म्हणून बघते, ते खोटं वाटत नाही. चार हातच होते. तेवढंही मला सोडवलं नाही.

३० ऑक्टोबर

अण्णाराव आले होते. म्हणाले, गावातले चार तरणे गडी हाताने खणायला तयार आहेत. बरोबर त्या जागेवर. शीर असेल तर पंधरा-वीस हातांवर ओल लागेलच, आड तरी होईल. शिवलिंग स्वामी म्हणतात, आधी बसवंतला विधीने हलवू, बांधाजवळ नवी जागा करू. पण माझ्या तोंडून हो आल्याशिवाय कुणी कुदळ लावणार नाही.

यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हणाले, "उकरा."

मग यांना म्हणाले, "पण तुम्ही यायचं. तुम्ही आलात तरच."

लग्नाला बावीस वर्षं झाली. यांना मी असं कधी बोलले नव्हते. हे काहीतरी म्हणणार होते. परीक्षेचं असेल. म्हणाले नाहीत. मान हलवली.

७ नोव्हेंबर, रविवार. कमळवाडी

हे आले. शेतात शिरताना त्यांचा पाय अडखळला तेव्हा अण्णारावांनी हात धरला. पुन्हा त्याच बांधावर, त्याच बाभळीखाली उभे राहिले.

आधी ज्वारी कापली. सगळ्या रानात तेवढीच पिकली होती. नागुबाईने पेंढी बांधली, पण घरी न्यायला तिचा हात धजेना. शेवटी स्वामी म्हणाले, गाईला घाला.

स्वामींनी बायकांना बांधावर बसवलं. मी पाठ करून बसले. कुदळीचा आवाज मऊ येत होता. एकदा सगळे थांबले, स्वामी मंत्र म्हणू लागले. शांतम्माने माझा हात धरून ठेवला. नव्या जागेची तयारी कालच झाली होती. तिथे त्याला नेलं. मी बघितलं नाही. नंतर अण्णारावांनी बसवंतचं इष्टलिंग ओल्या कापडात आणून एकदा माझ्या हातात दिलं, मी कपाळाला लावलं आणि परत दिलं. ते कापड पाण्याने भिजवलेलं नव्हतं. मातीनेच ओलं झालं होतं.

मग गडी पुढे खणू लागले. वर काढलेली माती बघायला गाव जमलं. ओली होती. मुठीत दाबली की लाडू वळत होता. पोरं ओरडायला लागली, "वल हाय! वल हाय!" नागुबाईने ती माती गालाला लावली. मला वाटलं, आता लागेल. चार हातांचं ओझं माझ्या डोक्यावरून उतरेल.

तेवढ्यात कुदळ खणकन वाजली. मुरूम. घाव घातला की ठिणगी उडत होती. त्यांनी हातभर आणखी खणलं. वर आला तो कोरडा, दाणा दाणा सुटा. आणखी हातभर. तसाच.

हे बांधावरून उतरले. सरळ खड्ड्यापाशी आले, धोतर सावरून कडेला बसले आणि आत उतरले. अण्णाराव नको नको म्हणत होते. यांनी खड्ड्याच्या भिंतीला तळहात लावला. वरपासून खाली नेला. ओली माती संपून मुरूम लागतो तिथे हात थांबला. बराच वेळ तिथेच होता.

"अण्णाराव, शिवरात्रीनंतर खड्डा किती खोल घेतला होता?"

"येवढाच दादा. हितंच मुरूम लागला. मंग थांबलो."

"आणि रुंद?"

अण्णारावांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. "जेवढी ज्वारी हिरवी हुती, तेवढाच."

हे खाली बघत म्हणाले, "खाली काही नव्हतंच." कुणाला सांगत होते कळलं नाही. "जूनचा तेवढा पाऊस उकरलेल्या मातीत मुरला आणि राहिला. बाकी रानावरून वाहून गेला. एवढंच." मग म्हणाले, "इंजिनिअरची खूण ओढ्याकाठी होती."

अण्णाराव मटकन खाली बसले. गडी कुदळी खांद्यावर टाकून निघाले. नागुबाईने गालाची माती पदराने पुसली. मला वाटलं होतं, बोलेल. ती म्हणाली, "चला बाई, टँकर यायचा टाइम झाला."

यांना वर काढायला दोघांना हात द्यावा लागला.

८ नोव्हेंबर. उदगीर

हे सकाळपासून टेबलाशी बसलेत. सांगत नाहीत, लिहीत नाहीत. कॉलेजात गेले नाहीत. पंधरा ऑक्टोबरला लिहून घेतलेलं प्रकरण मागितलं, वाचलं आणि उलटं करून ठेवलं. स्टूलावरचे कागद काढून जमिनीवर ठेवलेत. स्टूल रिकामं आहे.

चहा ठेवला तो गार झाला. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "पत्र लिहायच्या आधी मी जागा कोणती एवढंही विचारलं नाही." याचा अर्थ मला लागला नाही. जागा तर नकाशावर त्यांनीच दाखवली होती. गावाला पाणी नाही ते नाहीच. मी चार हात सरकवलं नसतं तरी नसतं, असं अण्णाराव म्हणतात. तेवढ्याने माझं मन हलकं व्हायला हवं, पण होत नाही.

मी एकच गोष्ट धरून बसले आहे. जूनचा तो पाऊस एवढ्या सगळ्या रानावर पडला आणि वाहून गेला. एका जागी तेवढा मुरला. कुणी झाकणाने मोजला नाही.

बसवंतला पाणी मिळालं.